लाल वायर अलीकडे, पिवळी पलीकडे

बाबांची मारुती ८०० गेली तेव्हा गाडी घेणाऱ्याने टेपकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "काढून घ्या हवं तर, मला काय करायचंय," म्हणाला. २००४ ची गाडी, पंधरा वर्षं भरलेली. पुन्हा पासिंग करून घ्यायचं तर पत्र्याचं काम, टायर, रंग, सगळं मिळून गाडीच्या किमतीपेक्षा जास्त खर्च येत होता. बाबांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी कागदपत्रांची फाइल काढून टेबलावर ठेवली. विषय संपला.

टेप मात्र मी काढून घेतला. टेप म्हणजे सवयीने टेप. खरं तर सीडी आणि यूएसबीवाला पायोनियरचा सेट, मूळचा कॅसेटवाला बिघडल्यावर बसवलेला. त्याच्यावरचं घड्याळ बाबा कायम पाच मिनिटं पुढे ठेवायचे. स्टेशनवर कुणाला सोडायचं असलं की उशीर नको म्हणून. ते पुढे आहे हे घरातल्या सगळ्यांना पाठ होतं, त्यामुळे प्रत्येक जण मनातल्या मनात पाच मिनिटं वजा करायचा आणि व्हायचा तेवढा उशीर व्हायचाच.

"घरात वाजवू या की," मी म्हणालो. "बारा व्होल्टच तर लागतात."

या वाक्यानंतर माझे जवळपास दोन महिन्यांचे रविवार गेले.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच बरोबर केली. सेटच्या मागचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लॅस्टिकचा जोड, नुसता उपटला नाही, तर त्याच्यामागे वीतभर वायर ठेवून मग कापली. फिटर लोक नवीन सेट बसवताना जुना कपलर फेकून देतात, आणि मग तो सेट घरी आणणारा माणूस नुसत्या पिनांकडे बघत बसतो. शिवाय मागच्या काचेखालच्या फळीतले दोन सहा-बाय-नऊ इंचांचे अंडाकृती स्पीकरही काढले. फळी गाडीबरोबर गेली. ती सुद्धा आणायला हवी होती हे नंतर कळलं.

वायरींचे रंग सेटच्या वरच्या स्टिकरवर छापलेले होते. काळी म्हणजे अर्थ, गाडीत ती सरळ पत्र्याला जाते. पिवळी म्हणजे बॅटरीवरून थेट, कायम चालू. लाल म्हणजे किल्ली फिरवल्यावर चालू होणारी. निळी-पांढरी वेगळा ॲम्प्लिफायर असला तर त्याला जागं करण्यासाठी. नारिंगी दिव्यांसोबत डिस्प्ले मंद करण्यासाठी. बाकी जोड्या स्पीकरच्या: पांढरी पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, आणि प्रत्येकीची जोडीदार त्याच रंगाची पण काळी रेघ असलेली. बहुतेक बाजारातल्या सेटना हेच रंग असतात. काही गाड्यांच्या कंपनी-फिटिंगमध्ये लाल आणि पिवळीच्या जागा उलट असतात, म्हणून रंगावर विश्वास ठेवण्याआधी स्टिकर बघावा.

पहिला प्रयोग घरात पडलेल्या सेट-टॉप बॉक्सच्या ॲडॉप्टरवर. बारा व्होल्ट, दीड ॲम्पियर. लाल आणि पिवळी एकत्र पिळून प्लसला, काळी मायनसला. बटण दाबलं आणि डिस्प्ले उजळला. बाबा स्वयंपाकघरातून बाहेर आले. आवाज दहावर नेला, गाणं सुरू. बारावर नेला, तबल्याचा एक ठोका पडला आणि सेट विझला. दोन सेकंदांनी परत उजळला, स्वागताचा संदेश दाखवला, गाणं पहिल्यापासून. पुन्हा तबला, पुन्हा अंधार.

"पेट्रोल संपलंय," बाबा म्हणाले आणि आत गेले.

सेटच्या तोंडावर "५० वॅट गुणिले ४" असं लिहिलेलं असतं. ते २०० वॅट कुणी खरे मानू नयेत. बारा-चौदा व्होल्टवर चार ओहमच्या स्पीकरला आतली आयसी, म्हणजे आवाज मोठा करणारी चिप, प्रत्येकी अठरा-वीस वॅट नीट देते, त्यापुढे आवाज फाटतो. पण तेवढ्यासाठीही चारही स्पीकर जोरात वाजले तर ठोक्यागणिक आठ-दहा ॲम्पियर लागू शकतात. सेटच्या मागे दहा ॲम्पियरचा फ्यूज असतो तो उगाच नाही. हळू आवाजात सरासरी एक-दीड ॲम्पियरवर भागतं, म्हणून ॲडॉप्टर आधी फसवतो आणि नेमकं गाणं रंगात आलं की मान टाकतो.

मग सल्ले सुरू झाले. आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. तरुणपणी रेडिओ दुरुस्ती करायचे. त्यांच्या मते एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेचे बारा व्होल्ट करणारे हलके इलेक्ट्रॉनिक डबे, हा सगळा चायना माल. खरी गोष्ट ट्रान्सफॉर्मर. "एलिमिनेटर बनव एलिमिनेटर. लोखंड आणि तांबं. पन्नास वर्षं काही होत नाही." त्यांच्याकडे बारा व्होल्ट, तीन ॲम्पियरचा एक जाड ट्रान्सफॉर्मर होता, एसीची डीसी करणारा चार डायोडचा ब्रिज आणि ती सपाट करायला ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही होता. आम्ही दोघांनी त्यांच्या गॅलरीत बसून ते जोडलं. मी आधी मल्टिमीटर लावला. साडेअठरा व्होल्ट.

"अहो काका, हे बारा कुठे आहेत?"

"लोड आला की येतात खाली."

काका चुकीचं बोलत नव्हते. बारा व्होल्ट ही एसीची परिणामी किंमत, लाटेची टोकाची उंची नव्हे. डायोड-कपॅसिटरनंतर तिचं शिखर मिळतं, म्हणजे बारा गुणिले १.४१, सतराच्या आसपास, त्यातून डायोडचे दीडेक वजा. शिवाय रिकामा ट्रान्सफॉर्मर मुळातच थोडं जास्त देतो आणि आमच्याकडे दुपारी लाइन २४० च्या वर असते. पण माझ्या सेटच्या पुस्तिकेत चालणारी मर्यादा १०.८ ते १५.१ व्होल्ट अशी दिली होती, आणि लोड येईपर्यंत साडेअठरा सोसायला मी त्याला लावणार नव्हतो. लोड आल्यावर दुसरं दुखणं: दोन ॲम्पियर खेचले की ४७०० च्या कपॅसिटरवर जवळपास चार व्होल्टची लाट, सेकंदाला शंभर वेळा. स्पीकरमधून गाण्याबरोबर भुंगा. गाडीत एवढा मोठा कपॅसिटर कुठे असतो म्हणाल, तर बॅटरी आहे ना. ती नुसती वीज साठवत नाही, व्होल्टेजला खाली-वर हलूही देत नाही.

जाता जाता, "एलिमिनेटर" या शब्दावरून. शिकागोत १९२८ साली पॉल गॅल्विन आणि त्याच्या भावाने जी कंपनी काढली तिचा पहिला माल म्हणजे बॅटरी एलिमिनेटर: बॅटरीवर चालणारा रेडिओ घरच्या विजेवर चालवायचा डबा. दोन वर्षांनी त्यांनीच गाडीत बसणारा रेडिओ बाजारात आणला आणि त्याचं नाव ठेवलं मोटोरोला. म्हणजे मी जे करत होतो ते त्यांनी गाडीचा रेडिओ करायच्या आधीच करून ठेवलं होतं. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग? मी काय म्हणत होतो?"

बाबांचा सल्ला वेगळा. आमच्याकडे लोडशेडिंगच्या दिवसांपासून इन्व्हर्टर आहे, आणि त्याची मोठी ट्युब्युलर बॅटरी पॅसेजमध्ये ठाण मांडून बसलेली असते. "ती बाराचीच आहे. दोन वायरी ओढ तिथून." मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण ती बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो ॲम्पियर सोडते. एकदा पाणी भरताना पाना दोन टर्मिनलवर आडवा पडला होता आणि त्या पान्याला पडलेला खड्डा अजून दिसतो. हॉलपर्यंत पाच मीटर वायर, वाटेत दार, दाराखाली चेंगरली की संपलं. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपाशीच टाकला तर करता येतंही, पण आई म्हणाली, "त्या बॅटरीला कुणी हात लावायचा नाही." पॅसेज तिच्या ताब्यात असल्यामुळे चर्चा तिथेच थांबली.

तिसरा प्रयोग जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसवर. यात मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण हेच बऱ्याच जणांचं होत असणार. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसला नुसता प्लग लावून काही होत नाही. मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळीला जोडावी लागते, मग पंखा फिरतो. कागदाला लावायची यू-पिन वाकवून ती दोन भोकांत खोचली. पंखा फिरला. मग मी मोठ्या आत्मविश्वासाने पिवळीला पिवळी, लालला लाल, काळीला काळी अशी जोडली. किती सोयीचं! रंगसुद्धा जुळतात!

सेट मेल्यासारखा गप्प. फ्यूज पाहिला, ठीक. कपलर हलवून पाहिला. पाऊण तास गेल्यावर मल्टिमीटर लावला तेव्हा लालवर पाच व्होल्ट दिसले. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये पिवळी बाराची असते आणि लाल पाचची. सेटच्या लालला किल्ली फिरल्याचा निरोप बारा व्होल्टमध्ये लागतो. पाचात त्याला वाटलं किल्ली फिरलेलीच नाही. नशीब चूक या दिशेला झाली. दोन्ही पिवळीवर घेतल्या आणि सेट उजळला.

पण आवाज चढवला की पुन्हा तीच मरगळ. विझत नव्हता, पण ठोक्याला डिस्प्ले मंद व्हायचा. मोजलं तर वाजताना ११.३. हे एसएमपीएस जुन्या पद्धतीचं. त्याचा सगळा काटा पाच व्होल्टच्या बाजूला लोड आहे या गृहीतावर बेतलेला. पाचवर काहीच नाही आणि बारावर सगळा भार आला की बारा खाली बसतात. लोक पाचच्या वायरीला सिमेंटचा रेझिस्टर लावतात. माझ्याकडे नव्हता. पण गाडीच्या सुट्या सामानाच्या डब्यात ब्रेकलाइटचा एकवीस वॅटचा बल्ब होता. तो पाच व्होल्टवर एखादा ॲम्पियर खातो. लावला. लालसर, समईच्या वातीएवढा पेटला, आणि बाराच्या वायरीवर ११.८ झाले. ब्रेकलाइट पेटवून गाणी ऐकणं बाबांना फार आवडलं. मला मात्र पंख्याची घरघर नको होती. आणि रात्री बंद करून सकाळी चालू केलं की सेटचं घड्याळ एक वाजल्याचं दाखवायचं, सगळी स्टेशनं पुसलेली. रात्री पिवळीही मरत होती ना.

मग अखेर तापकीर गल्ली. बुधवार पेठेत पुण्यातलं बहुतेक इलेक्ट्रिकलचं विश्व त्या गल्लीत मावतं, फक्त आपण मावत नाही. एलईडीच्या पट्ट्यांसाठी जाळीदार पत्र्याचे जे एसएमपीएस मिळतात त्यातला बारा व्होल्ट, साडेबारा ॲम्पियरचा, म्हणजे दीडशे वॅटचा घेतला. दुकानदाराने विचारलं, "कितने मीटर पट्टी?" मी कारटेप म्हटल्यावर त्याने मागे वळून मराठीत आवाज दिला, "अरे, अजून एक आलाय टेपवाला!" म्हणजे मी एकटा नव्हतो. त्यानेच सांगितलं की टर्मिनलच्या शेजारी जो छोटा प्लॅस्टिकचा स्क्रू असतो तो फिरवून व्होल्टेज थोडं वर नेता येतं. गाडी चालू असताना अल्टरनेटर १३.८ ते १४.४ देत असतो आणि हे सेट त्याच हिशेबाने बनवलेले असतात. बारावर चालतात, पण तेरा-साडेतेराला खुलतात.

घरी येऊन मीटर लावून १३.८ केले. जोडलं. वाजलं. छान वाजलं. पण जोराच्या ठोक्याला परत डिस्प्ले मिचकावला, आणि मी अक्षरशः डोक्याला हात लावला.

आता एसएमपीएसवर संशय घ्यायला जागा नव्हती. मीटरची एक टोक-जोडी एसएमपीएसच्या स्क्रूवर धरली: १३.८, ठोक्यालाही हलत नव्हते. तीच जोडी सेटच्या कपलरवर धरली: ठोका पडला की १२.२. मधले दीड व्होल्ट कुठे गेले? वायर खात होती. टेबलाखालून तीन मीटर ओढलेली, सजावटीच्या माळांना असते तसली बारीक वायर होती, पाव चौरस मिलिमीटरची. जाऊन-येऊन सहा मीटर, ०.४ ओहमच्या आसपास. चार ॲम्पियरला दीड व्होल्टच्या वर हिशेब बसतो. २३० व्होल्टवर असल्या वायरीने टेबलफॅन चालतो आणि दीड व्होल्ट गेला तरी कुणाला कळत नाही. बारा व्होल्टवर कळतं. अडीच चौरस एमएमची तांब्याची वायर आणली, लांबी दीड मीटरवर आणली आणि मिचकावणं कायमचं थांबलं. पहिल्या प्रयोगापासून मी तीच वायर वापरत होतो हे इथे कबूल करतो.

त्यानंतरच्या आठवड्यात आई झाडू मारता मारता थांबली. "हा डबा मुंग्या आणतोय हाताला."

मी सेटच्या पत्र्याला हात लावला. पायात चप्पल होती, काही नाही. चप्पल काढून फरशीवर उभा राहिलो आणि बोटाचं मागचं टोक हलकेच टेकवलं: झिणझिण. टेस्टर लावला तर मंद पेटला. सेट जळालाय, लाइन उतरलीय, असं बरंच काही वाटून गेलं. कारण साधं निघालं. एसएमपीएसमध्ये गोंगाट जिरवण्यासाठी लाइनपासून पत्र्याकडे छोटे कपॅसिटर असतात, आणि त्यातून येणारा किरकोळ करंट अर्थिंगमधून जमिनीत जावा अशी योजना असते. मी तीन पिनांचा प्लग लावला होता, अर्थची वायरही स्क्रूला नीट कसली होती. पण हॉलमधल्या त्या सॉकेटच्या वरच्या भोकामागे वायरच नव्हती. बिल्डिंग झाल्यापासून नव्हती. इतकी वर्षं त्यात दोन पिनांचेच प्लग लागले, कुणाला पत्ता नाही. वायरमन आला, बोर्ड उघडला, "साहेब, हे नुसतं दाखवायला आहे," म्हणाला आणि शेजारच्या बोर्डावरून अर्थ ओढून दिली. झिणझिण गेली. या सगळ्या खटाटोपात घराला खरा फायदा झाला तो एवढाच. ज्यांना हे करायचं असेल त्यांनी एसएमपीएस आणायच्या आधी सॉकेट तपासून घ्यावं. आणखी एक: त्या एसएमपीएसचे २३० व्होल्टचे स्क्रू उघडेच असतात. मी तो जुन्या स्टॅबिलायझरच्या रिकाम्या पेटीत बसवला, पाठीला हवेची भोकं ठेवून.

आता स्पीकर. इथे माझी घरच्या ॲम्प्लिफायरची जुनी सवय नडली. दोन्ही स्पीकरच्या मायनस एकत्र करून एकच वायर मागे न्यावी, तीन वायरीत काम भागतं, हे मी कॉलेजात असताना केलेलं. इथे तसं केल्यावर आवाज चिरका आला आणि सेट दोन मिनिटांत गप्प झाला. थंड झाल्यावर उठला. गाणं बंद ठेवून मीटर लावला: स्पीकरच्या प्लस आणि मायनसमध्ये शून्य, पण मायनस आणि काळीमध्ये ६.९ व्होल्ट. म्हणजे स्पीकरची मायनस ही मायनस नव्हेच. एवढ्या थोड्या व्होल्टेजमध्ये जास्त आवाज काढायचा म्हणून आयसी स्पीकरला दोन्ही बाजूंनी ढकलते-ओढते. एक टोक वर जातं तेव्हा दुसरं खाली. दोन्ही टोकं जिवंत. त्यामुळे स्पीकरची कुठलीही वायर काळीला, पत्र्याला किंवा दुसऱ्या स्पीकरला लावायची नाही. प्रत्येकाची जोडी वेगळी. आयसीने स्वतःला वाचवलं म्हणून माझं निभावलं.

आणि नुसता स्पीकर हातात धरून वाजवला तर तो डबड्यातल्या खड्यासारखा वाजतो, बास नाहीच. पुढची हवा आणि मागची हवा एकमेकींना मारतात. गाडीत ती मधली भिंत म्हणजे मागची फळी, जी मी गाडीबरोबर जाऊ दिली. आधी माठ करून पाहिले. कुंभारवाड्यातून दोन माठ, तोंडावर वर्तुळाकार स्पीकर हवा म्हणून जुन्या बाजारातून सहा इंची जोडी, आत जुन्या गोधडीचा कापूस. बास असा घुमला की निवेदक विहिरीतून बोलतोय असं वाटावं. बायको म्हणाली, "पाणी तरी गार झालं असतं त्यात." मग सुताराकडून अठरा एमएमच्या प्लायच्या दोन पेट्या, आत साधारण २५ लिटर जागा, आणि मूळचे सहा-बाय-नऊ त्यात. संपला प्रश्न. माठ आता गॅलरीत आहेत, एकात तुळस.

रेडिओला एरियल हवी होती. एफएमला पाऊण मीटरची साधी वायर एरियलच्या भोकातल्या मधल्या पिनेला लावली की १०१ वर विविध भारती खणखणीत. पाऊण मीटर का, तर एफएमच्या लहरीचा साधारण पाव भाग तेवढा भरतो. मध्यम लहरींवर ७९२ ला पुणे केंद्र मात्र सगळं खरखरीत बुडालेलं. एसएमपीएसचाच गोंगाट असणार अशी शंका होती, पण खात्री करायला यूपीएसमधली सात ॲम्पियर-तासाची छोटी सीलबंद बॅटरी आणली आणि सेट तिच्यावर चालवला. खरखर गायब. निदान पक्कं झालं, उपाय सापडला नाही. गोंगाट अडवायला वायरीवर घालायचे फेराइटचे मणी, वायर लांब, वायर जवळ, सगळं करून मध्यम लहरींपुढे मी हात टेकले.

बॅटरी मात्र घरात राहिली, आणि तिच्याकडे बघता बघता घड्याळाचा प्रश्न सुटला.

मला पाहिजे होतं ते असं: भिंतीवरचं बटण म्हणजे गाडीची किल्ली. बंद केलं की लाल मरावी, पिवळी जिवंत राहावी. एसएमपीएस दिवसरात्र चालू ठेवायचा नव्हता. मग एसएमपीएसच्या प्लसवर एक जाड शॉट्की डायोड टाकला, वीज एकाच दिशेने जाऊ देणारा. डायोडच्या अलीकडून, म्हणजे एसएमपीएसच्या बाजूने, लाल घेतली. पलीकडून पिवळी, आणि पिवळीलाच फ्यूजमधून ती छोटी बॅटरी. बटण चालू असताना डायोडमधून सेटला वीज मिळते आणि बॅटरीही भरत राहते. बटण बंद केलं की डायोड परतीची वाट अडवतो. लालवर काही उरत नाही, सेट समजतो किल्ली काढली, आणि पिवळीला बॅटरी तग धरून ठेवते. घड्याळाला आणि स्टेशनांना लागतात ते काही मिलिॲम्पियर. दोन-तीन आठवडे गावाला गेलो तरी तिला जड नाही. डायोड स्वतः अर्धा व्होल्ट खातो म्हणून ॲडजस्टचा स्क्रू पार कडेपर्यंत, १३.९ वर नेला. बॅटरीला साडेतेराच्या आसपास मिळतात, आणि सीलबंद बॅटरी कायम लावून ठेवायला तेवढेच बरोबर. रिकामी बॅटरी एकदम जास्त ओढू नये म्हणून तिच्या वाटेत एक आवर हवा होता. ब्रेकलाइटचा बल्ब परत कामाला आला. बॅटरीच्या फ्यूजपाठोपाठ तो मालिकेत बसवला. बॅटरी भरलेली असली की विझलेला, फार उतरली असली तरच मंद पेटतो. मारुतीतलं चौथं सामान घरात आलं.

हिशेब मांडला तर हा सगळा मूर्खपणा आहे. ब्लूटूथवाला छोटा क्लास-डी ॲम्प्लिफायर बोर्ड त्याच तापकीर गल्लीत काहीशे रुपयांत मिळतो, लॅपटॉपच्या जुन्या चार्जरवर चालतो आणि याहून स्वच्छ वाजतो. ज्याच्याकडे टेप पडून नाही त्याने हा नाद करू नये. डिकीतला मोठा ॲम्प्लिफायर आणि बारा इंची वूफर घरात आणणाऱ्यांनी तर आधी त्याच्यावरचे फ्यूज मोजावेत. तीस-तीस ॲम्पियरचे दोन दिसले तर माझ्यासारखा दीडशे वॅटचा डबा त्याच्यापुढे चहाच्या कपाएवढा आहे.

शेवटचा फ्यूज बसवला त्या रात्री बाबा समोर खुर्ची ओढून बसले. मी मोबाइलवर बघून घड्याळ लावायला घेतलं, नऊ वाजून बारा मिनिटं.

"थांब. दे इकडे."

त्यांनी चष्मा वर केला, बटण दाबून धरलं आणि एकेक करत आकडा नऊ सतरावर नेला. मग उठून भिंतीवरचं बटण बंद केलं, दहापर्यंत मोजलं, परत चालू केलं. नऊ सतराच होते.